बाद गड्याचा न्याय

मांजरा आणि भीमा या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांचा सीमाभाग हा भाषांच्या सरमिसळीचा मुलूख आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफझलपूर या बाजूच्या गावांत एकाच ओसरीवर मराठी, कानडी आणि दखनी उर्दू ऐकू येते. पूर्वेकडे सरकावे तसतशी तीत तेलुगूची भर पडत जाते. सुगी उरकली आणि रान मोकळे झाले, की अशा गावांत एक जुना खेळ रंगतो. मराठी माणूस त्याला पूर्वापार हुतूतू म्हणत आला. आंध्राकडे त्याचे नाव चेडुगुडू, तमिळ मुलखात सडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू. आणि आज सर्व देशात रूढ झालेले त्याचे नाव कबड्डी.

या खेळाला साधनाची गरज नाही. चेंडू नको, फळी नको, पायांत बूट नकोत. मऊ जमीन असावी, तिच्यावर फक्कीची किंवा राखेची रेघ ओढावी आणि दोन्ही अंगांना माणसे उभी राहावीत, की खेळ सुरू झाला. म्हणूनच गरिबाच्या मुलाला तो इतका जवळचा वाटतो. तथापि, साधन लागत नसले तरी एक गोष्ट या खेळाला लागतेच, आणि ती म्हणजे उभयपक्षी मान्य असलेला नियम. ती एक गोष्ट नसेल तर रेघ असूनही खेळ उभा राहत नाही. उभे राहते ते भांडण.

समजा, भालकीकडच्या एका गावाचा संघ उदगीरकडच्या एखाद्या गावाशी खेळावयास उतरला. दोन्ही गावे तशी शेजारची. सोयरीक एक, बाजार एक. परंतु लहानपणापासून एकाची खेळण्याची रीत निराळी आणि दुसऱ्याची निराळी असेल, तर पहिला गडी बाद होताच प्रश्न उभा राहील: या बाद झालेल्या गड्याचे आता काय करावयाचे? त्याने रेघेबाहेर बसून राहावे, पुन्हा आत यावे, की मुळात बाहेर जाऊच नये? प्रश्न दिसावयास पोरखेळासारखा आहे. परंतु या एका प्रश्नाच्या उत्तरावरून या खेळाच्या तीन निरनिराळ्या रीती देशात निर्माण झाल्या, आणि प्रत्येक रीतीत कोणाला ना कोणाला अन्याय दिसला.

पहिली रीत गनिमी. हीत बाद झालेला गडी मैदानाबाहेर जातो आणि त्याच्या बाजूचे सर्व गडी बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. सगळी बाजू गारद झाली म्हणजे समोरच्यांना एक लोण मिळते आणि मग सर्वजण नव्याने उभे राहतात. वेळेचे बंधन नाही. पाच किंवा सात लोणे होईपर्यंत खेळ चालावयाचा. या रीतीत एक करडी शिस्त आहे. चूक केली, तिचे फळ भोगा. परंतु तिचा दोषही उघड आहे. एखादा चांगला चढाईपटू पहिल्याच चढाईत पाय घसरून सापडला, तर त्याने उरलेला वेळ केवळ प्रेक्षक म्हणून काढावा. खेळावयास आलेल्या माणसाला खेळूच न देणारा हा नियम. त्याच्याविषयी खेळाडूंनी कुरकूर केली तर तिला रडीचा डाव म्हणता यावयाचे नाही.

दुसरी रीत अमर. हिच्या नावातच तिचे स्वरूप आहे. येथे कोणी मरतच नाही. गड्याला स्पर्श झाला तर समोरच्या बाजूला एक गुण मिळतो. पण गडी जागचा हलत नाही, खेळतच राहतो. ठरलेली वेळ संपली म्हणजे गुण मोजावयाचे. ही रीत दयाळू आहे. सर्वांना सारखे खेळावयास मिळते. परंतु दयेचाही कधीकधी अन्याय होतो. ज्याने जिवाच्या कराराने चढाई करून समोरचा मोहरा टिपला, त्याच्यासमोर तोच मोहरा पुढच्या क्षणी पुन्हा उभा! पराक्रम केला, त्याची नोंद वहीत झाली, मैदानावर मात्र काहीच बदलले नाही. शिवाय डोळ्यांना दिसणारा पुरावा नसल्यामुळे सारी भिस्त गुण लिहिणाऱ्यावर.

तिसरी रीत संजीवनी. हीत बाद झालेला गडी बाहेर जातो खरा. परंतु त्याच्या सोबत्यांनी समोरचा एक गडी बाद केला, की त्याच्या बदल्यात आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो. सर्वच्या सर्व बाद झाले तर समोरच्यांना लोण चढविल्याबद्दल जादा गुण. येथे शिक्षा आहे, पण जन्मठेप नाही. बाहेर बसलेल्याला आशा आहे, आणि ती आशा त्याच्या स्वतःच्या हाती नसून त्याच्या सोबत्यांच्या हाती आहे.

या तिन्ही रीतींपैकी न्याय्य कोणती, हा वाद तर्काने सुटणारा नव्हता. गनिमीवाल्याला संजीवनी म्हणजे लाड वाटणार. अमरवाल्याला गनिमी म्हणजे क्रौर्य वाटणार. जोवर एका गावची मुले आपापसांत खेळत होती तोवर वाद उद्भवलाच नाही, कारण गावची रीत हाच नियम होता. अडचण आली ती परक्याशी गाठ पडू लागल्यावर. आणि तेव्हा एक गोष्ट दिसून आली. तोंडी रीत नेहमी यजमानाची असते. पाहुण्या संघाने कितीही चांगला खेळ केला, तरी वाद निघाला की "आमच्याकडे असेच असते" हे उत्तर तयार. त्या उत्तरापुढे पाहुण्याची बोलती बंद होई. गनिमीचा कठोरपणा किंवा अमरचा ढिलेपणा यांपेक्षा हा अन्याय फार मोठा होता. पण तो कोणत्याच नियमात लिहिलेला नसल्यामुळे त्याच्यावर बोट ठेवता येत नव्हते.

महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी या अडचणीवर उपाय शोधला. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला होता आणि देशी खेळांना शिस्त लावण्याचे काम त्या काळच्या कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले होते. खोखोचे नियम १९१४ मध्ये आखले गेले. १९१८ मध्ये हुतूतूच्या नियमांना निश्चित रूप देण्यात आले. ते नियम १९२३ मध्ये छापून निघाले आणि त्याच वर्षी बडोद्यास अखिल भारतीय सामने भरले. नियम छापणे आणि दूरदूरच्या संघांनी एका मैदानावर उतरणे या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या, हा योगायोग नव्हे. अनोळखी माणसांना एकमेकांशी खेळावयाचे असेल तर नियम कागदावर उतरावाच लागतो. इंग्रजांच्या मुलखातही असेच घडलेले दिसते. गोल्फ या खेळाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम १७४४ चे आहेत. स्कॉटलंडमधील लीथ येथे चांदीच्या काठीसाठी खुली स्पर्धा ठेवावयाची ठरली, तेव्हा ते लिहिले गेले. सगळे मिळून तेरा कलमे. गावच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या खेळाला बाहेरचा माणूस येणार म्हणताच कागदाची गरज पडली.

त्यानंतर हुतूतूची वाटचाल झपाट्याने झाली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांत हा खेळ होता. १९३८ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत त्याला स्थान मिळाले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५५ मध्ये कलकत्त्यास महिलांची. देशाने या खेळाचा पाया म्हणून जी रीत उचलली ती मुख्यतः संजीवनीची होती. बाद होणे आहे, जिवंत होणे आहे, लोण आहे. त्यात एक बारीक कलम असे आहे, की गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत होतात. आपला सर्वांत तरबेज गडी आधी उठवावा अशी मुभा संघनायकाला नाही. जो आधी पडला तो आधी उठेल, मग तो संघातील सर्वांत दुबळा का असेना. बाहेर ताटकळणाऱ्या सामान्य गड्याला त्याच्या हक्काची जागा देणारे हे कलम फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. पण खेळाची सारी सभ्यता त्यात सामावलेली आहे.

अर्थात, सर्वांसाठी एक नियम करावयाचा म्हणजे प्रत्येकाला काहीतरी सोडावे लागते. मराठी खेळाडूला आपला शब्द सोडावा लागला. चढाईपटूने दम घेऊन जो घोष करावयाचा, तो पूर्वी मुलखामुलखाचा निराळा असे. नव्या नियमाने "कबड्डी" हा एकच शब्द मान्य केला, आणि तो स्पष्ट व अखंड उच्चारला पाहिजे असे ठरविले. ज्याच्या तोंडात लहानपणापासून हुतूतू बसले, त्याला हा बदल जड जाणे स्वाभाविक होते. परंतु तेलुगू मुलालाही त्याचे चेडुगुडू सोडावे लागले आणि बंगाली मुलाला त्याचे हाडुडू. तोटा सर्वांना सारखा वाटून दिला गेला म्हणून तो सोसवला.

दमाच्या नियमाविषयी तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. घोष तुटला की न तुटला, हे पंचाच्या कानावर अवलंबून. भोवती हजार माणसे ओरडत असताना एका माणसाच्या श्वासाचा निवाडा कोणी कसा करावा? पुढे चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली आणि कानाच्या जोडीला घड्याळ आले. मोठी छाती असलेल्याचा फायदा त्याने कमी झाला. तीच गोष्ट वजनाची. पुरुषांच्या मोठ्या गटात ८५ किलोंहून आणि महिलांच्या गटात ७५ किलोंहून अधिक वजनाचा खेळाडू चालत नाही. दोन किलो जास्त भरला म्हणून घरी परत पाठविलेल्या खेळाडूला हा नियम जाचक वाटतो. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या सडपातळ मुलाला विचारले, तर तोच नियम त्याला संरक्षण वाटेल. एकच नियम एकाला भिंत आणि दुसऱ्याला छप्पर वाटतो. म्हणून एखाद्या खेळाडूला नियम अन्यायाचा वाटला, एवढ्यावरून तो अन्यायाचा ठरत नाही. आणि नियम छापील आहे, एवढ्यावरून तो न्यायाचाही ठरत नाही.

या संदर्भात गोल्फच्या नियमांकडे पुन्हा एकदा वळणे उपयोगी पडेल. हा खेळ आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. त्याचे नियम जगातील सर्वांत काटेकोर समजले जातात आणि त्यांच्याविषयी खेळाडूंच्या तक्रारीही तितक्याच जुन्या आहेत. या खेळाचे मूळ सूत्र असे, की चेंडू जेथे पडला असेल तेथून, आहे त्या स्थितीत मारावयाचा. समोरासमोरच्या सामन्यात खळग्याजवळच्या कातरलेल्या हिरवळीवर प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आपल्या वाटेत आडवा पडला, तरी बहुतेक वेळा तो उचलता येत नसे. त्याला वळसा तरी घालावा किंवा त्याच्यावरून आपला चेंडू उडवावा. याला स्टायमी म्हणत. स्वतःची काही चूक नसताना माणूस त्यात अडके. पिढ्यान्‌पिढ्या खेळाडूंनी याविरुद्ध तक्रार केली आणि पिढ्यान्‌पिढ्या जुन्या जाणत्यांनी त्याचे समर्थन केले. अखेर ब्रिटन आणि अमेरिका येथील नियामक संस्थांनी एकत्र बसून १९५२ पासून एक सामाईक संहिता लागू केली, आणि तीत स्टायमी रद्द झाली. मद्रासला कबड्डीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेच हे साल.

याच खेळातील दुसरे उदाहरण अधिक करुण आहे. १४ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेतील ऑगस्टा येथे मास्टर्स स्पर्धेचा अखेरचा दिवस होता. अर्जेंटिनाचा रॉबर्टो दि विसेन्झो त्या दिवशी ४५ वर्षांचा झाला. सतराव्या खळग्यात त्याने तीन टोल्यांत चेंडू टाकला, हे हजारो लोकांनी पाहिले. परंतु त्याचे गुणपत्रक लिहिणारा सोबती टॉमी एरन याने तेथे तीनऐवजी चारचा आकडा घातला. एकूण ६५ ऐवजी ६६ झाले. विसेन्झोने न तपासता सही केली. नियम असा, की सही केलेल्या पत्रकावरील आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच कायम. बरोबरी होऊन निर्णायक फेरी व्हावयाची, त्याऐवजी बॉब गोल्बी एका टोल्याने विजयी ठरला. विसेन्झोने दोष दुसऱ्या कोणाला दिला नाही. मूर्खपणा आपलाच, असे तो म्हणाला. त्याच्या त्या वागण्याचे जगाने कौतुक केले. परंतु डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि कागदावरचे खरे, असा हा नियम योग्य की अयोग्य, याची चर्चा मात्र आजतागायत चालू आहे आणि नियम आजही कायम आहे.

२०१९ मध्ये गोल्फची संहिता पुन्हा नव्याने लिहिली गेली. ३४ नियमांचे २४ झाले. हिरवळीवर चुकून चेंडू हलला तर होणारी शिक्षा गेली; बुटांच्या खिळ्यांनी उखडलेली हिरवळ नीट करण्याची मुभा मिळाली. पण दुसऱ्याच्या टोल्याने निघालेल्या ढेकळाच्या खड्ड्यात आपला उत्तम मारलेला चेंडू जाऊन पडला, तर तो तेथूनच मारावयाचा, हा नियम तसाच राहिला. खेळाडू त्याला अन्याय म्हणतात. नियमकर्ते विचारतात, की खड्डा कितपत बुजला म्हणजे तो खड्डा नव्हे, हे कोणी आणि कसे ठरवावे? दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

या उदाहरणांवरून खेळाडूंच्या गाऱ्हाण्याचे दोन प्रकार दिसतात. पहिला, निर्दोष माणसाला शिक्षा होते तो. गनिमीतला अकारण बसून राहिलेला गडी आणि स्टायमीत अडकलेला गोल्फपटू यांचे गाऱ्हाणे एकच आहे. दुसरा, लहान चुकीला मोठी शिक्षा होते तो. विसेन्झोची सही या प्रकारातली. हे दोन्ही प्रकार दुःखदायक खरे. पण त्यांत एक समाधान असते. नियम काय आहे हे दोन्ही पक्षांना आधी ठाऊक असते, आणि आज तो एकाला बोचला तर उद्या दुसऱ्याला बोचणार असतो. असे नियम सुधारता येतात. फक्त काळ लागतो. परंतु गाऱ्हाण्याचा एक तिसरा प्रकार आहे, आणि तो सर्वांत वाईट. नियम कोणता, हेच मैदानावर ठाऊक नसणे, हा तो प्रकार. भालकी आणि उदगीरच्या आपल्या कल्पित सामन्यात जे घडले असते तेच हे. कबड्डी छापील झाल्यानंतर शंभर वर्षांनी हा प्रकार कोठे घडणार नाही, असे कोणालाही वाटले असते. तो घडला, आणि साऱ्या आशिया खंडाच्या डोळ्यांदेखत घडला.

आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० मध्ये बीजिंग येथे कबड्डीचा प्रथम समावेश झाला. तेव्हापासून २०१४ पर्यंतच्या सातही स्पर्धांत भारताच्या पुरुषांनी सुवर्णपदक मिळविले. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने उपांत्य सामन्यात भारताला हरविले. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराण २७-२४ असा जिंकला, आणि त्या इराणी मुलींना शिकविणाऱ्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. आपल्या लोकांना त्या पराभवाचे वाईट वाटले. परंतु नाशिकची एक शिक्षिका तेहरानच्या मुलींना हा खेळ शिकवू शकली, ती केवळ नियमाचे पुस्तक दोन्हीकडे एकच होते म्हणून. सामाईक नियमाची शक्ती याहून अधिक कशाने सिद्ध व्हावी?

पुढची आशियाई स्पर्धा चीनमधील हांगझो येथे, साथीमुळे एक वर्ष लांबून, २०२३ मध्ये झाली. ७ ऑक्टोबर रोजी पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण पुन्हा समोरासमोर आले. शेवटचे जेमतेम मिनिट उरले असताना दोहोंचे गुण २८-२८ असे समसमान होते. भारताचा नायक पवन सेहरावत निर्णायक चढाईसाठी गेला. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक मीटर रुंदीचा राखीव पट्टा असतो. खेळाडू त्याला लॉबी म्हणतात. चढाईपटूचा आणि बचाव करणाऱ्यांचा स्पर्श होऊन झटापट सुरू झाली तरच तो पट्टा मैदानात धरला जातो; एरवी तेथे पाय पडला की गडी बाद. पवनचा पाय कोणालाही स्पर्श होण्यापूर्वी त्या पट्ट्यात गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही तेथे धावले.

आता निवाडा काय करावयाचा? एका नियमाप्रमाणे चढाईपटू बाद, आणि त्याच्या पाठोपाठ पट्ट्यात गेलेले बचावपटूही बाद. दुसऱ्या पाठाप्रमाणे, जो २०१४ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमध्ये पुढे रूढ झाला, चढाईपटू बाद होताच खेळ तेथेच थांबला. मागाहून कोण कोठे गेले याला अर्थ नाही. पंचांनी एक निर्णय दिला, तो फिरविला, पुन्हा फिरविला. आधी एका संघाने आणि मग दुसऱ्याने निषेध म्हणून मैदानावरच बसकण मारली. सुमारे तासभर खेळ खोळंबला. अखेर पाठोपाठ गेलेल्या बचावपटूंनाही बाद धरून भारताला गुण देण्यात आले आणि भारत ३३-२९ असा विजयी झाला.

भारतीय म्हणून त्या विजयाचा आनंद होणे योग्यच आहे. परंतु न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी इराणी खेळाडूच्या मनात जी खंत राहिली, ती निकाल उलटा लागता तर भारतीय खेळाडूच्या मनात राहिली असती. दोन्ही नियमांपैकी कोणताही एक असता तरी चालले असते. बचावपटूंना बाद धरा किंवा धरू नका. दोहोंच्या बाजूने बोलता येईल. एका सुवर्णपदकाच्या सामन्यात दोन पुस्तके उघडी होती, हाच खरा अन्याय. राखेच्या रेघेवर गावातल्या पाहुण्या संघाने जे सोसले, तेच विजेच्या लखलखाटात, गादीवर उभ्या राहिलेल्या जगातील दोन उत्तम संघांना सोसावे लागले.

बिदर-कलबुर्गीच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. रेघ हलली म्हणजे काय होते, हे या मुलखाने अनुभवले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. काही भाग आंध्रात गेला. आणि भालकी, औराद, हुमनाबाद यांसह उरलेला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे १९७३ नंतरच्या कर्नाटकात राहिला. गुलबर्गा जिल्ह्याचे कोडंगल आणि तांडूर हे तालुके आंध्राला मिळून बाकीचा म्हैसुरात आला. २०१४ पासून त्याचे नाव कलबुर्गी आहे. कालपर्यंत एका जिल्ह्यात नांदणारी गावे निरनिराळ्या राज्यांची झाली. शाळा, कचेऱ्या आणि कागदपत्रांची भाषा बदलली. त्या रेघेविषयी दोन्हीकडच्या लोकांची मते आजही भिन्न आहेत आणि त्यांचा निवाडा हा या भाषणाचा विषय नव्हे.

तथापि, एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भालकीची मुलगी आज कर्नाटकाकडून खेळेल आणि उदगीरची महाराष्ट्राकडून. परंतु त्या दोघी समोरासमोर आल्या तर निदान रेषा दोघींना तितकीच दूर असेल, तीस सेकंद दोघींना तितकेच मिळतील, आणि बाद झालेला गडी दोन्हीकडे एकाच क्रमाने उठेल. पंच कानडीत बोलो की मराठीत, पुस्तक एकच असेल. ज्याच्या पाठीशी ना पैसा, ना ओळख, ना यजमानपद, अशा खेळाडूचे तेवढे एकच बळ असते.

तेव्हा नियम जाचक वाटला तर खेळाडूंनी तक्रार जरूर करावी. गनिमीची संजीवनी तशीच झाली आणि स्टायमीही तशीच गेली. नियम करणाऱ्यांनी ती तक्रार रडगाणे म्हणून झटकून टाकू नये. परंतु बदल करावयाचा तो हंगाम सुरू होण्यापूर्वी करावा, सर्वांना कळवून करावा, आणि एकदा केला की जत्रेच्या मैदानापासून आशियाई स्पर्धेपर्यंत तो एकच असावा. बाद झालेल्या गड्याला रेघेबाहेर बसावे लागल्याचे दुःख होते, पण ते तो सोसू शकतो. आपण कोणत्या नियमाने बाद झालो आणि कोणत्या नियमाने पुन्हा उठणार, एवढे मात्र त्याला आत उतरण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.